एकातच सगळं

खैरबोडीच्या लटारू भानारकरच्या घरात रेडिओवर सत्ता होती ती सुगंधाबाईची. तो आणला होता लटारूनं, हे खरं. एका वर्षी तलावात रोहू असा काही वाढला की मच्छीमार संस्थेतल्या प्रत्येकाच्या घरी काही ना काही नवं आलं. त्या वर्षी लटारूच्या घरी रेडिओ आला. पण आणल्या दिवसापासून तो सुगंधाबाईच्या चुलीजवळच्या फळीवर बसला आणि तिथून कधी हलला नाही. सकाळी भाताला आधण ठेवलं की नागपूर केंद्र लागायचं, दुपारी ती जाळं विणायला बसली की पुन्हा नागपूरच. रेडिओचा काटा कधीच अडकून बसला होता, त्यामुळे दुसरं केंद्र लावायची सोय नव्हती. तिला ती नकोही होती.

बाकीच्यांचंही असंच ठरून गेलेलं होतं. लटारूजवळ तीन सेलांची लांबलचक टॉर्च होती. खैरबोडीत तिला टॉर्च कोणी म्हणत नाही, बॅटरी म्हणतात. पहाटे तलावावर जाताना खांद्यावर जाळं आणि हातात बॅटरी असल्याशिवाय त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. मुलगा विक्की गोंडपिपरी ते आष्टी जीप चालवायचा. त्याची झोप मोठी गाढ, म्हणून त्याच्या उशाशी गजराचं घड्याळ. आणि सून रीता माहेराहून येताना रोलचा कॅमेरा घेऊन आली होती. रोल धुवायला चंद्रपूरला पाठवावा लागे आणि ते काही होत नसे, त्यामुळे तिच्या लग्नानंतरचे सगळे फोटो अजून त्या काळ्या डबीतच अडकलेले होते.

दोन हजार आठ सालचा श्रावण. पाऊस लांबल्यामुळे भाताची लावणी, म्हणजे रोवणे, तेही लांबलेले. एका संध्याकाळी विक्की जीप लावून आला तो खिशावर हात ठेवूनच. ओसरीत सगळ्यांना बसवून त्यानं खिशातून मोबाईल काढला.

गावात मोबाईल अगदीच नवा नव्हता. सरपंचाकडे होता, गुरुजींकडे होता. पण ते नुसते बोलायचे. विक्कीनं आणलेल्यानं आधी उजेड पाडला, मग गाणं म्हटलं, मग किती वाजले ते सांगितलं, मग विक्कीनं विचारलेली बेरीज करून दाखवली. शेवटी त्यानं तो बापासमोर धरला. लटारूनं काय करायचं ते न कळून नुसता श्वास रोखून धरला. टक् असा आवाज झाला आणि पडद्यावर लटारू उमटला, श्वास रोखलेला.

"एकातच सगळं, बाबा," विक्की म्हणाला.

लटारूनं आपला चेहरा जवळून पाहिला, लांबून पाहिला, आणि शेजारच्या दसरूला हाक मारली. दसरू त्याचा डोंग्यावरचा जोडीदार, जाळ्याचं दुसरं टोक धरणारा. तो आला, त्याचाही फोटो निघाला. मोबाईलच्या बाजूनं त्या दोघांचं मत तिथंच पक्कं झालं.

मग विक्कीनं खरी गोष्ट सांगितली. गोंडपिपरीचा दुकानदार मुखरू याच्या मालाची खोकी विक्कीच्या जीपमधून जात-येत असत, म्हणून त्यानं विश्वासावर मोबाईल देऊन टाकला होता. पोळ्यानिमित्त त्याच्या दुकानात योजना होती. घरातला जुना रेडिओ, बॅटरी, घड्याळ, कॅमेरा असं जे काही असेल ते आणून द्यायचं आणि त्याच्या बदल्यात मोबाईलची किंमत पार खाली. सगळंच मोबाईलमध्ये आहे म्हटल्यावर घरात ही अडगळ ठेवायची कशाला, असं विक्कीचं म्हणणं. सामान पोळ्याच्या आधी पोचतं केलं की झालं.

सुगंधाबाई चुलीपाशी होती. ती रागावली नाही. फळीवरच्या रेडिओकडे तिनं एकदा पाहिलं आणि पदराला हात पुसत बाहेर आली. मोबाईल हातात घेऊन तिनं उलटासुलटा केला. एवढ्याशा डबीत चार जणांची कामं कशी मावतात, याचं तिला नवल वाटलं, आणि तसं ती म्हणालीही. पण घर चालवणारी ती होती. तिनं अट घातली. पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत घर नुसत्या मोबाईलवर चालवून बघायचं. रेडिओ, बॅटरी, घड्याळ, कॅमेरा तिच्या लोखंडी पेटीत बंद राहतील, किल्ली तिच्या कमरेला. घर नीट चाललं, तर ती स्वतः रेडिओ डोक्यावर घेऊन गोंडपिपरीला जाईल. नाही चाललं, तर मोबाईल मुखरूकडे परत.

सगळ्यांनी एका दमात होकार दिला. मोबाईल आपल्याच हातात राहणार असं प्रत्येकाला वाटत होतं.

दुसऱ्या पहाटे बॅटरी नाही म्हणून लटारू मोबाईल घेऊन तलावावर गेला. घराच्या पडसरीपासून तलावाच्या पाळीपर्यंत त्यानं काजव्याएवढ्या उजेडात पाय चाचपत वाट काढली. भिजू नये म्हणून मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डोक्याच्या दुपट्ट्यात खोचला. डोंगा मधोमध गेल्यावर त्याच्या डोक्यातून भयंकर आवाज यायला लागला. कोणाचा तरी फोन आला असं समजून त्यानं घाईघाईनं पिशवी सोडली, मोबाईल कानाला लावला आणि हॅलो, हॅलो, मी लटारू बोलून राह्यलो, असं सांगत बसला. पलीकडून कोणी बोलेना, आवाजही थांबेना. तो विक्कीनं लावलेला गजर होता. विक्की तेव्हा घरी घोरत होता. तो जागा झाला तेव्हा आष्टीच्या सवाऱ्या दुसऱ्याच जीपनं निघून गेल्या होत्या.

हे झालं ते झालं. मग लटारूला रेडिओचा नाद लागला. मोबाईलमध्ये चंद्रपूर यायचं, पण कानात ती दोन बोंडं घातल्याशिवाय लागायचं नाही, आणि कानात बोंडं घातली की लटारूला जगातलं दुसरं काही ऐकू येत नसे. एकदा जाळं भरून आलेलं, दसरू दुसऱ्या टोकाहून ओढ, ओढ म्हणून गळा फाडतोय, आणि लटारू गाण्याच्या तालावर मान हलवत बसलेला. जाळं सैल पडलं आणि मासोळ्या आल्या वाटेनं निघून गेल्या. दसरूनं काठावर येऊन जाळं खाली टाकलं. कानातून मुंडावळ्या लोंबणाऱ्या नवरदेवासोबत आपण मासोळी धरणार नाही, असं त्यानं सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत तो लटारूशी बोलला नाही.

विक्कीचं वेगळंच. मोबाईल खिशात घेऊन जीपवर गेला की घरात किती वाजले हे कोणाला कळेना, आणि घरी ठेवून गेला की सवाऱ्यांचे फोन सुगंधाबाईला घ्यावे लागत. फोन उचलायचं बटण ती बरोबर दाबायची. पण कोण बोलतंय, कुठून बोलतंय, जेवण झालं का, पाऊसपाणी कसं, हे विचारून झाल्याशिवाय जीप किती वाजता आहे त्यावर येत नसे. आणि किती वाजता आहे हे तिला ठाऊकच नसायचं.

खरं सुख होतं ते रीताला. रोल संपायची भीती नाही म्हटल्यावर तिनं कोंबड्यांचे फोटो काढले, पपईच्या झाडाचे काढले, सासू तांदूळ निवडताना, सासरा पानाला चुना लावताना. दुपारी मोबाईल तिच्या हातात सापडला की ती घराभोवती फिरत राहायची. पण तो हातात सापडणंच कठीण. आधी या घरात कोणी कोणाला काही मागत नसे. आता सकाळपासून एकच चौकशी, मोबाईल कुठी हाय, कोणापाशी हाय, आणखी किती वेळ लागते.

सुगंधाबाईनं मात्र कोणाजवळ काही मागितलं नाही. दुपारी ती नेहमीसारखी खांबाला टेकून जाळं विणायला बसायची. पहिल्या दिवशी घर तिला खायला उठलं. दुसऱ्या दिवशी तिच्याही नकळत तिच्या तोंडून गुणगुण सुरू झाली. रेडिओ होता तेव्हा तिला आपल्या गळ्याची गरजच पडली नव्हती. आता सुईच्या येण्याजाण्याबरोबर जुनी रोवण्याची गाणी एकेक करून वर यायला लागली. एखादी ओळ अर्धीच आठवायची, उरलेली अर्धी संध्याकाळी भाताची पेज ओतताना सापडायची.

असे काही दिवस गेले आणि एका संध्याकाळी गाईला वेणा लागल्या. नेमकी तेव्हाच लाईट गेली. त्या काळात लाईट जायचीच. येणं हे विशेष. लटारू मोबाईल घेऊन गोठ्याकडे धावला. उजेड पडला, दोनदा मिणमिणला आणि गेला. मोबाईल पार काळा झाला.

विक्कीनं सांगितलं की बॅटरी संपली. लटारू म्हणाला की बॅटरी कशी संपेल, ती तर पेटीत आहे. विक्कीनं समजावलं की ती बॅटरी नव्हे, मोबाईलच्या पोटातली बॅटरी. लटारू अंधारात उभा राहून त्याच्यावर चिडला, एका घरात दोन-दोन बॅटऱ्या आणि उजेड एकीचाही नाही म्हणून. रीतानं कंदील शोधला, त्यात तेल नव्हतं. गाय हंबरत होती.

सुगंधाबाईनं कमरेची किल्ली काढली. पेटी उघडली, तीन सेलांची बॅटरी बाहेर काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि गोठ्यात गाईच्या अंगावर हात फिरवायला गेली. बॅटरीच्या पांढऱ्या झोतात वासरू बाहेर आलं, कपाळावर टिकली असलेलं. ते धडपडत उभं राहीपर्यंत सगळे तिथंच बसून होते. मग सुगंधाबाईनं हात धुतले, बॅटरी घेतली, परत पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं.

लटारूला वाटलं होतं की आता ती निकाल देऊन टाकेल. पण ती म्हणाली की पोळा अजून यायचा आहे. जे ठरलं ते ठरलं.

शेवटच्या बांधीचं, म्हणजे शेताच्या शेवटच्या तुकड्याचं, रोवणं त्यानंतर दोन दिवसांनी होतं. गावातल्या बाया ओळीनं चिखलात उतरल्या. रीता सासूच्या शेजारी. घरून निघताना तिनं मोबाईल मागून घेतला होता, रोवण्याचे फोटो काढायचे म्हणून. विक्कीनं तिला त्यातलं आणखी एक बटण दाखवलं होतं, आवाज भरून घ्यायचं. दुपारी भाकर खाऊन झाली, बाया पुन्हा वाकल्या, तेव्हा कोणीतरी सुगंधाबाईला गाणं धरायला सांगितलं. एरवी ती नको म्हणाली असती. पण त्या दिवसांत गाणी तिच्या ओठाशीच होती. तिनं सुरू केलं आणि बायांनी मागून धरलं:

बांधीमंदी पानी साचलं, पान्यात दिसे ढग,
मोठी बहीण रोवत गेली, लहानी मागं बघ.
माहेराच्या वाटेवर जांभळीचं झाड,
वाट पायता पायता बाई, निघून गेला आखाड.

रीता चिखलातून निघून बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून मोबाईल पुढे धरून होती. ती फोटो काढतेय असंच सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळे ओसरीत बसले असताना रीतानं बटण दाबलं. आधी चिखलाचा चुबुक चुबुक आवाज आला, कोणाची तरी बांगडी वाजली, कोणीतरी खोकलं. मग एका बाईचा आवाज. जाडसर, थोडा फाटलेला, पण ओळ खाली उतरताना असा काही वळण घेणारा की शेजारून येऊन बसलेला दसरू पान खायचं थांबला.

सुगंधाबाईच्या हातातली सुई थांबली. ती मोबाईलकडे बघत राहिली. मग लटारूकडे वळून म्हणाली, "अवो, ही तं बाई हाय. बाईचा आवाज याच्यात कसा आला?"

तिची बाई म्हणजे तिची थोरली बहीण, रुखमाबाई. सिरोंच्याला दिलेली, प्राणहितेच्या काठी. लहानपणी दोघींनी एका ओळीत रोवणं केलेलं, एका गळ्यानं गाणी म्हटलेली. लग्नानंतर वर्षावर्षात भेट नाही. शेवटची भेट विक्कीच्या लग्नात. तेव्हाही गर्दीत धड बोलणं झालं नव्हतं.

"बाई नोय," लटारू म्हणाला. "तूच हायेस."

तिला पटेना. आपला आवाज आपल्याला रोज ऐकू येतो, तो असा नाही, असं तिनं सांगितलं. रीतानं गाणं पुन्हा लावलं. मधेच एका ठिकाणी गाणारी बाई थांबून म्हणत होती, रीता, रोपाची पेंढी इकडं फेक. ते ऐकलं आणि सुगंधाबाईनं तोंडावर पदर घेतला. ती हसतेय की रडतेय हे काही वेळ कोणाला कळलं नाही. ती हसत होती. आणखी एकदा लाव, म्हणाली. मग आणखी एकदा. शेजारच्या बाया आल्या, त्यांनी आपापले आवाज ओळखले, कोण बेसूर झाली यावरून एकमेकींना चिडवलं. ती बातमी गावात गेली, आणि दुसऱ्या दिवशी लोक मोबाईल बघायला नव्हे, तर सुगंधाबाईला ऐकायला आले.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर ती लटारूशी थोडं बोलली. रेडिओनं आपल्याला इतकी वर्षं जगाचे आवाज ऐकवले, ती म्हणाली, आपला कधी नाही. लटारूनं हुंकार दिला. त्याला रेडिओ, बॅटरी आणि डोंग्यावरचा दसरू या तिघांचीही मनापासून आठवण येत होती, पण मोबाईलच्या बाजूनं आधीच इतकं बोलून ठेवल्यामुळे तो गप्प राहिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सुगंधाबाईनं सगळ्यांना बोलावलं. पेटी ओसरीत ओढून आणली. विक्की तोंड पाडून बसला होता. गाईच्या वेळची फजिती, दसरूचं जाळं, चुकलेल्या सवाऱ्या, हे सगळं आठवून मोबाईल परत जाणार असं त्यानं धरूनच ठेवलं होतं. सुगंधाबाईनं कुलूप काढलं. घड्याळ विक्कीच्या मांडीवर ठेवलं. बॅटरी लटारूला दिली. रेडिओ पदरानं पुसला, थोडा वेळ हातात धरला, आणि तोही लटारूपुढे ठेवला.

"हे तुमचं तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "हे चार जणायले चार लागते. मोबाईल मी ठेवतो."

विक्की म्हणाला की माय, तुला काय करायचा आहे, तुला तर लावताही येत नाही. सुगंधाबाईनं मोबाईल उचलला, रीतानं शिकवल्याप्रमाणे एक, दोन, तीन बटणं दाबली, आणि ओसरीत गाणं सुरू झालं.

मग विक्कीनं मुखरूचं काढलं. जुनं सामान दिलं नाही तर मोबाईल त्या भावात मिळणार नाही. यावर रीतानं मध्ये तोंड घातलं. तिनं आपला कॅमेरा पेटीतून काढला, आतला रोल तेवढा काढून घेतला आणि कॅमेरा सासूच्या हातात दिला. फोटो काढू दिले म्हणजे झालं, मोबाईल कोणाचाही असो, असं ती म्हणाली. उरलेल्या पैशाचं काय करायचं ते सुगंधाबाईनं बघितलं. त्याच दिवशी ती विक्कीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गोंडपिपरीला गेली. मुखरू काऊंटरमागे होता. एका कॅमेऱ्यावर भागत नाही, असं तो म्हणाला, आणि ते बरोबरही होतं. सुगंधाबाईनं त्याला मासोळी आवडते का विचारलं. त्याला आवडायची. विशेषतः मरळ. मग पाणी उतरल्यावर हिवाळाभर खैरबोडीची मरळ विक्कीच्या जीपमधून मुखरूच्या घरी पोचत राहील, असं दोघांनी ठरवलं. लटारूनं ते पुढे इमानानं पाळलं, कारण आता त्याच्या डोंग्यावर दसरू परत आला होता आणि जाळी भरून येत होती.

विक्कीनं पुढे दिवाळीत स्वतःसाठी साधा मोबाईल घेतला. नुसता बोलायचा. उशाला मात्र घड्याळच.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची मारबत झाली, गणपती झाले. अहेरीकडच्या नाल्यांचं पाणी उतरून सिरोंच्याची गाडी सुरू झाली म्हणून कळलं तशी सुगंधाबाईनं पिशवी भरली. पिशवीत बहिणीसाठी लुगडं, सुकवलेले झिंगे, आणि मोबाईलचा चार्जर. मोबाईल पोलक्यात. लटारू सोबत येतो म्हणत होता. ती नको म्हणाली. आष्टीपर्यंत विक्कीनं सोडलं, पुढे आलापल्ली, तिथून लाल गाडी. जंगल संपता संपेना. वाटेत शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं की कुठं चालल्या, तेव्हा सुगंधाबाईनं सांगितलं की बहिणीला गाणं ऐकवायला. त्या बाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनंही ऐकायला मागितलं.

सिरोंच्याच्या स्टँडवर रुखमाबाई आली होती. दोघींनी एकमेकींच्या केसांकडे पाहिलं आणि दोघीही हसल्या. घरी नातवंडं रुखमाबाईला नानम्मा म्हणत होती आणि तिच्याशी तेलुगूतच बोलत होती. तीही त्यांना तेलुगूतच उत्तरं देत होती; बहिणीकडे वळली की पुन्हा खैरबोडीच्या बोलीत येत होती, आणि मधेच एखादा शब्द इकडचा तिकडे होत होता.

जेवणं झाल्यावर दोघी अंगणात बाजेवर बसल्या. सुगंधाबाईनं काही न सांगता मोबाईल काढला आणि बटणं दाबली. चिखलाचा आवाज आला, बांगडी वाजली. गाणं सुरू झालं. रुखमाबाई पुढे झुकली. पहिली ओळ संपेपर्यंत तिचे डोळे भरून आले.

"ही तं माय हाय," ती म्हणाली.

सुगंधाबाईनं तिला लगेच सांगितलं नाही. तिनंही पुन्हा ऐकलं, आणि या वेळी तिलाही त्यात माय ऐकू आली. संध्याकाळी दाराशी उभी राहून दोघींना हाक मारणारी. मग तिनं बहिणीचा हात धरला आणि सगळं सांगितलं, लटारूच्या गजरापासून पेटीपर्यंत. रुखमाबाई डोळे पुसत पुसत हसत राहिली.

तिसऱ्यांदा गाणं लागलं तेव्हा मात्र रुखमाबाई एकदम ताठ झाली. जांभळीचं झाड कुठून आणलंस, तिनं विचारलं. माहेरच्या वाटेवर मोहाचं झाड होतं. जांभळी तलावाच्या पाळीवर होती. गाणं मोहाचंच आहे. सुगंधाबाई म्हणाली की आपण इतकी वर्षं जांभळीचंच गातो. रुखमाबाई म्हणाली की मग इतकी वर्षं चुकीचं गातेस. दोघींचा आवाज चढला. नातवंडं दारात येऊन उभी राहिली, त्यांना वाटलं भांडण लागलं. शेवटी असं ठरलं की रुखमाबाईनं मोहाचं म्हणायचं आणि सुगंधाबाईनं जांभळीचं, आणि मोबाईलमध्ये दोन्ही भरून घ्यायचं. सुगंधाबाईनं बटण दाबून मोबाईल बाजेवर दोघींच्या मधे ठेवला. पहिल्या दोन ओळी एका गळ्यानं गेल्या. तिसरीला एक मोहाकडे गेली, एक जांभळीकडे, आणि दोघींनाही इतकं हसू आलं की चौथी ओळ राहूनच गेली. तेही सगळं भरलं गेलं.

मग रोज संध्याकाळी तेच सुरू झालं. रुखमाबाईला कधी दळणाची ओवी आठवायची, कधी लग्नातली हळद. दिवसा काम करता करता तिला एखादी ओळ सापडली की ती बहिणीला हाक मारायची आणि सुगंधाबाई ओल्या हातानं मोबाईल आणायला धावायची.

चार-पाच दिवसांनी त्या दोघी अशाच बसलेल्या असताना मोबाईल वाजला. घरचे सगळे विक्कीच्या मागं लागले होते, म्हणून त्यानं गोंडपिपरीहून मुखरूच्या दुकानातून फोन लावला होता. माय, कधी येतेस, त्यानं विचारलं. रीताला वासराचा फोटो काढायचा आहे, ते मोठं होऊन राहिलं. आणि बाबा रोज सकाळी रेडिओ लावून हट्टानं स्वतःच चुलीशी बसतात, पण त्यांना भात नीट शिजवता येत नाही, अर्धा कच्चा राहतो.

सुगंधाबाईनं बाजेकडे पाहिलं. रुखमाबाई पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, बोटांवर कसलीशी ओळ जुळवत होती.

"आता नाई जमत," सुगंधाबाई फोनमध्ये म्हणाली. "बाईले आणखी एक आठवून राह्यलं. दसऱ्याले येतो म्हणाव."

तिनं फोन ठेवला, बटण दाबलं आणि मोबाईल बहिणीच्या पुढ्यात सरकवला. रुखमाबाईनं तोवर गायला सुरुवात केलीच होती.